खातूनबीचा वरचा मजला

सकाळची वंदना आटोपून मी नुकताच तवा ठेवला होता, तेवढ्यात खातूनबी आली. हातात कागद होता. रमजानचे दिवस, त्यामुळे ती पहाटेपासून जागीच असणार. ओठ सुकलेले. उंबऱ्याशी बसली, कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "समीक्षानी माय, मना घरवर दुसरा मजला कवय चढना व?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. खातूनबीला ती सवय आहे. पण कागद पाहिला तर खरंच तसं लिहिलेलं. नगरपंचायतीची घरपट्टीची नोटीस. नाव हाशम पिंजारी, भोगवटादार खातूनबी. तळमजला, पक्का. त्याखाली पहिला मजला, पत्रा शेड. आणि शेवटी आकडा. गेल्या वर्षीपेक्षा तिपटीहून जास्त.

मी दारात जाऊन तिच्या घराकडे पाहिलं. रोज पाहते तेच घर. खाली दोन खोल्या, वर उघडी गच्ची आणि गच्चीच्या कोपऱ्यांतून आभाळाकडे निघालेल्या गंजक्या सळया.

"माले तं काही दिसस नही," खातूनबी म्हणाली. "म्हनीसन तुले इचारं. तुना डोळाले चस्मा शे."

खातूनबी आमच्या गल्लीची आहे, असं म्हणण्यापेक्षा आमची गल्ली खातूनबीच्या गच्चीची आहे, असं म्हटलं तरी चालेल. अमळनेरहून एस.टी.नं यायचं आमचं गाव. गल्लीत चार घरं मुसलमानांची, पाच-सहा आमची बौद्धांची, बाकी पाटील, कोळी, शिंपी. सगळ्यांची छपरं पत्र्याची किंवा मातीच्या धाब्याची. सपाट सिमेंटची गच्ची एकट्या खातूनबीची. तिचे मालक हाशमभाऊ सेंट्रिंगचं काम करायचे. दुसऱ्यांच्या घरांच्या स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या, लोखंड बांधायचं, स्लॅब पडला की दुसऱ्या गावाला. गावोगाव लोकांच्या डोक्यावर छत टाकून झालं तेव्हा कुठं स्वतःच्या घरावर स्लॅब पडला. वरचा मजला दानिशच्या लग्नात बांधू म्हणून त्यांनी सळया वर काढून ठेवल्या. करोनात ते गेले. दानिश सुरतला कापडाच्या कारखान्यात लागला, तिकडेच लग्न केलं. सळया राहिल्या.

त्या सळयांना आम्ही बायका साड्या बांधतो. उडदाचा पापड कडक उन्हात टाकला तर तडकतो. त्याला सावलीचं वाळवण लागतं. तेव्हा होळीपासून पुढे रोज सकाळी सळयांना जुन्या साड्या ताणायच्या, खाली खाटा आणि चादरी टाकायच्या. एका अंगाला साडीखाली पापड, दुसऱ्या अंगाला उन्हात ज्वारीचे बिबडे, कुरडया. वर्षाचं करून ठेवायचं. आता डाळ महाग, तेल महाग, सिलिंडरचं तर नाव काढू नये. दुकानातला तयार पापड आमच्यासारख्यांनी पाहुण्यांपुरता आणावा. त्यात कमलबाई आणि दिपमालासारख्या दोघी-तिघी जास्तीचे लाटून अमळनेरला विकतात. मुलांच्या वह्या, शाळेचा गणवेश त्यातून निघतो.

गच्चीचं भाडं खातूनबीनं कधी घेतलं नाही. रीत एवढीच की ज्या घरचं वाळवण निघेल त्या घरानं तिला पाच पापड द्यायचे. वर्षभर ती तेच भाजून खाते. कोणाचा पापड आहे ते चवीवरून सांगते. "हाऊ कमलबाईना शे, पापडखार जास्ती टाकी दिन्हा," असं कमलबाईसमोरच म्हणते. स्वतः गोधड्या शिवते. पूर्वी एका गोधडीला दोन महिने नंबर लागायचा. आता लोक सुरतेचं गुळगुळीत ब्लँकेट घेतात आणि खातूनबीकडे फक्त बाळंतिणी येतात, लेकराच्या दुपट्यासाठी.

तर प्रश्न असा की त्या गच्चीवर पत्र्याचं शेड आलं कुठून?

आम्ही नोटीस मध्ये ठेवून बसलो, तेव्हा दिपमालाच्या लक्षात आलं. तिनं कपाळावर हात मारला. "व माय! ते भुंगं उनं व्हतं ना!"

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कचऱ्याची गाडी भोंग्यावरून ओरडत गेली होती की विमानासारखं यंत्र येणार, घरांचं मोजमाप वरून होणार, आपापल्या हद्दीला चुन्याची रेघ मारून ठेवा. पुरुषांनी रेघा मारल्या. बायका नेहमीप्रमाणे गच्चीवर. मध्यान्हाच्या सुमाराला ते भुणभुणत आलं आणि नेमकं आमच्या डोक्यावर थांबलं.

कमलबाई ओरडली, "माय व, हाई तं फोटो काढस!"

मग काय विचारता. कोणाचा पदर कमरेला खोचलेला, कोणी मॅक्सीवर, कोणाचे केस सुटलेले, हात कोपरापर्यंत पिठाचे. सगळ्या साडीखाली दाटीवाटीनं शिरल्या. तरी फटींतून ते दिसतच होतं. खातूनबीला तर परक्यासमोर उघड्या डोक्यानं जायची सवयच नाही. ती धावत खाली गेली आणि ट्रंकेतल्या साड्या, चादरी, गोधडीचे जोडलेले तुकडे सगळं घेऊन वर आली. आम्ही या सळईपासून त्या सळईपर्यंत सगळी गच्ची झाकून टाकली. बोटभर फट ठेवली नाही. ते भुंगं निघून गेलं तेव्हा आम्ही आत घामानं निथळत, एकमेकींना चिकटून हसत होतो. मी घरी आल्यावर वहीत लिहिलंही होतं, आज सगळ्यांची अब्रू वाचली म्हणून.

ती वाचलेली अब्रू आता नोटीस होऊन आली होती.

हरकत घ्यायची मुदत नोटिशीवरच छापली होती. अर्ज मी लिहायला घेतला. दिपमाला म्हणाली, "लिही ना, फोटो दुसराना घरना शे. कोन दखाले येस?" मी म्हटलं, नाही. खोटं मी लिहिणार नाही. रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि तेच तोंड घेऊन अर्जात खोटं कसं लिहू? जसं घडलं तसं लिहिलं. त्या दिवशी गच्चीवर पापड होते, सावलीला साड्या होत्या, वरून फोटो काढतात म्हणून आम्ही त्या जास्त बांधल्या. शेड नव्हतं, आजही नाही. लिहिताना बरोबर वाटत होतं. नंतर मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा मलाच ते वेड्यासारखं वाटलं.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. नगरपंचायतीचं ऑफिस म्हणजे जुनी ग्रामपंचायतच. पाटी तेवढी नवी, आणि पाटीबरोबर दर नवे. बाकावर जागा नव्हती. कोणाच्या पट्टीत गोठा धरलेला, कोणाच्या पट्टीत मेलेल्या भावाचा हिस्सा. एक म्हातारे आबा सगळ्यांना विचारत होते, "हाऊ वृक्षकर काय शे भाऊ? मना दारमा तं झाडच नही." खातूनबी भिंतीला टेकून उभी. रोजा, वरून ऊन. पाण्याच्या टाकीकडे तिनं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मलाही मग पाणी प्यावंसं वाटलं नाही.

आमचा नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. टेबलावर हितेंद्र नावाचा क्लार्क. साक्रीकडचा, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. त्यानं अर्ज वाचला. वर पाहिलं. परत वाचला.

"पापड?"

"उडदाचे," खातूनबी म्हणाली.

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. आमची गल्ली आभाळातून कधी पाहिली नव्हती. राखाडी, मातकट चौकोन आणि मधोमध एक रंगीत चौकोन, कडेपासून कडेपर्यंत भरलेला. "हे बघा आजी. हे रंगीत पत्रे. आजकाल निळे-जांभळे पत्रे येतात."

मी वाकून पाहिलं. जांभळा रंग, हिरवा काठ. माझ्या समीक्षाच्या नामकरणाला नेसलेली, पुढे विरली म्हणून वाळवणाला दिलेली.

"भाऊ," मी म्हणाले, "तो पत्रा नाही. ती माझी साडी आहे."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. हितेंद्र हसला नाही. बिचारा पडद्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "पापड विक्रीला असतात का? विक्रीला असतील तर वापर व्यापारी धरावा लागेल. त्याचा दर वेगळा."

मी मान खाली घातली. खातूनबीच बोलली. "भाऊ, मी इकस नही. भाडं बी लेस नही. घरपरते पाच पापड देतस, बस."

"पाच पापड म्हणजे भाडंच झालं ना आजी," हितेंद्र म्हणाला, आणि आता तो जरासा हसला. "जाऊ द्या, ते मी लिहीत नाही. असं करा, मी पाहणीला येतो. गच्ची रिकामी दिसली पाहिजे. एक साडी नको, एक खाट नको. आणि त्या सळया."

"सळया काय?"

"सळया उभ्या आहेत म्हणजे पुढे बांधकाम आहे, असं साहेब धरतात. फोटोत शेड, जागेवर सळया. मी काय लिहू? सळया काढल्या असत्या तर एका ओळीत काम होतं."

मी म्हटलं, "सगळ्या गावात सळया उभ्या आहेत."

"पण त्यांच्या फोटोत साडी नाही ना ताई."

"कधी येणार?"

"याच आठवड्यात."

परत येताना घराच्या कोपऱ्यावर आल्यावर खातूनबी म्हणाली, "जठे मजलाच नही, तठे पट्टी कसानी? आनि सळ्या कापू म्हंतस. घर मनं, मानूस मना गया, सळ्या ह्यासले टोचतंस."

दुसऱ्या दिवशी तिनं जिन्याच्या तोंडाशी खाट आडवी लावली. गच्ची बंद.

हितेंद्र त्या आठवड्यात आला नाही. पुढच्यातही नाही. मार्चअखेर होती. नगरपंचायतीची सगळी माणसं वसुलीला लागली होती. कचऱ्याची तीच गाडी, तोच भोंगा, आता थकबाकीदारांचे नळ तोडणार म्हणून सांगत फिरायची. भोंगा आला की खातूनबी दार लोटून घ्यायची. जणू त्यांनी तिचंच नाव घेतलं असतं. ईद झाली. तिनं शिरखुर्मा सगळ्यांकडे पाठवला, पण नेहमीसारखी बसायला कोणाकडे गेली नाही.

गच्ची रिकामी तापत होती आणि खाली बायकांची डाळ भिजवायची राहत होती. दिपमालानं अंगणात खाट टाकून पाहिली. धूळ, शेळ्या, आणि उन्हानं निम्मे पापड फुटले. कमलबाईची अमळनेरची गिऱ्हाइकं विचारायला लागली. एक दिवस पाण्याच्या नळावर ती बोललीच.

"खातूनबी, तुना स्लॅबवर आमना पापड जड व्हयनात का?"

"पापड नही व्हयनात. कागद जड व्हयना."

"कागद तुना, उपाशी आमी."

खातूनबीनं हंडा उचलला आणि गेली. कमलबाई मागून म्हणाली, "मी वाईट मनशी नही बोलनू," पण ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही, माहीत नाही. मला कमलबाईचाही राग आला नाही. तिच्या घरी दोन मुलं शिकतात आणि नवऱ्याचं कापसाच्या जिनिंगमधलं काम सहा महिन्यांचं. रागाला माणूस तरी सापडायला हवं. हितेंद्रवर रागवावं तर तो पोटासाठी नोकरी करणारा. भुंग्यावर रागवावं तर ते उडून गेलेलं.

संध्याकाळी मगरीबची नमाज झाली की दानिशचा फोन यायचा. खातूनबी फोन कानाला लावत नाही, हातात पुढे धरते, त्यामुळे अख्ख्या गल्लीला ऐकू येतो.

"अम्मी, बेच डालो ना. हर साल का झंझट. यहाँ आ जाओ."

"तिकडं तुझी एक खोली. मी कुठं निजू?" त्याच्याशी ती कधी मराठी, कधी हिंदी, जमेल तसं बोलते.

"घर बिकेगा तो दो खोली लूँगा ना. आणि एवढी पट्टी भरायची कोण? मी? माझं भाडंच भागत नाही इथं."

"नको भरू. मी भरते."

"कशानं भरशील?"

तिनं फोन बंद केला. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी चहा दिला. तिनं बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग म्हणाली, "पोऱ्या वाईट नही. थकी गया. मी बी थकनू." जरा वेळानं म्हणाली, "ही पट्टी असीच राहिनी तं पुढला साल घर इकनंच पडी. मी सुरतले मरसु, समीक्षानी माय. मना जनाजा कोन लई इठे?"

विहारात भन्तेजी सांगतात, जे जुळून आलं ते सुटणार, म्हणून धरून ठेवू नये. मला ते पटतं. पण समोर बसलेल्या बाईला ते सांगायचं माझं धाडस झालं नाही. मी फक्त म्हटलं, "सळया तर सळयाच आहेत खातूनबी. घर राहतं आहे ना."

ती बशीतला चहा प्याली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वना आला, खांद्यावर लोखंड कापायचं मशीन घेऊन. वना हाशमभाऊंचा जोडीदार, अनेक वर्षं दोघं एकाच सायकलवर कामाला जायचे. तिनंच त्याला निरोप धाडला होता. खाट बाजूला झाली आणि आम्ही वर गेलो. कमलबाई आणि दिपमालाही आल्या, पण जिन्याजवळच थांबल्या.

वनानं वायर जोडली. मशीन सुरू करून पाहिलं, परत बंद केलं. पहिल्या सळईला हात लावला, तिच्या वळणावरून अंगठा फिरवला. "भाभी, ह्या सळ्या मी आन हाशमभाऊनी बांधेल शेतस. ह्या कोपरामा तं त्याना हात कापाई गयथा. मनाकडतून नही व्हनार."

"मंग दुसराले बलावू का?" खातूनबी म्हणाली. "दुसरा पैसा लेई आनि सिव्या बी देई. तूच काप."

वनानं डोळ्यांवर चष्मा चढवला. ठिणग्या उडाल्या. खातूनबी ओढणीचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली, पण तोंड फिरवलं नाही. एकेक सळई पडताना गच्चीवर ठण्ण आवाज व्हायचा. चारही कोपरे झाले, मधल्या झाल्या. शेवटी स्लॅबपासून बोटभर उंचीचे खुंट तेवढे राहिले. वनानं त्यांच्यावर सिमेंटचे गोळे थापून दिले, कोणाच्या पायाला लागू नये म्हणून. मजुरी घेतली नाही. तिनं त्याला पाच पापड दिले, गेल्या वर्षीचे, उरलेले.

त्या संध्याकाळी दानिशचा फोन आला. तिनं सांगितलं, "सळ्या काप्यात."

पलीकडून तो म्हणाला, "सगळ्या?" विकून टाक म्हणून महिनाभर मागे लागलेला मुलगा. "अब्बाच्या सगळ्या?"

"सगळ्या."

"अम्मी, एखादी तरी ठेवायची."

खातूनबीनं फोन माझ्या हातात दिला आणि चुलीकडे वळली. मीच बंद केला.

हितेंद्र आला तो सळया कापल्यानंतर आठ-दहा दिवसांनी. घाईत होता. जिना चढून वर आला, मोबाईलवर फोटो काढले, खुंटांकडे पाहिलं. "अहो, खरंच कापल्या?" म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. खातूनबीनं पाणी दिलं, तो प्याला. खाली उतरताना म्हणाला, "आजी, मजला जाईल. पण नवा दर आहे, तो सगळ्यांनाच आहे. पूर्वीएवढी कमी नाही होणार."

तसंच झालं. सुधारलेलं बिल आलं त्यात पहिला मजला नव्हता. तळमजला, दिवाबत्ती, वृक्ष, शिक्षण, सगळं मिळून आकडा गेल्या वर्षीच्या दुपटीहून थोडा कमी. म्हणजे खातूनबी ते भरू शकेल, पण त्यासाठी एक वेळची भाजी सोडावी लागेल. तिनं बिल वाचून घेतलं, घडी घातली, कुराणशरीफच्या फळीखाली ठेवलं. "भरसु," एवढंच म्हणाली. घर विकायचं नाव आता दानिशही काढत नाही.

काल जिन्यासमोरची खाट कायमची निघाली. हंगाम निम्मा सरून गेला होता, तरी कमलबाईनं रात्रीच डाळीचं पीठ मळून ठेवलं होतं. आम्ही चौघी वर गेलो. खाली चादरी टाकल्या, खाटा मांडल्या. मी माझी जांभळी साडी उलगडली. एक टोक दिपमालानं शेजारच्या विजेच्या खांबाला ताण दिलेल्या बिनविजेच्या तारेला बांधलं. दुसरं टोक खातूनबीनं घेतलं आणि नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन, टाचा उंचावून, हात वर केला.

हात तसाच राहिला. मग तिनं खाली पायाजवळच्या सिमेंटच्या गोळ्याकडे पाहिलं.

कमलबाई लाटण्यावरचं पीठ झटकत म्हणाली, "उद्या मी बांबू लयस. डबामा रेती भरीसन उभा करू." पण पापड लाटून झाले होते आणि ऊन चढत होतं. मी पुढे झाले आणि खातूनबीच्या हातातून साडीचं टोक घेतलं. तिच्या कोपऱ्यात, त्या गोळ्याशेजारी, हात वर करून उभी राहिले. सावली पापडांवर पडली.

खातूनबी खाटेवर बसून पापड उलटायला लागली. बराच वेळ गेला. माझे हात भरून आले होते. तेव्हा तिनं वर पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "समीक्षानी माय, हालू नको. आते तुनावर बी पट्टी लागी."